जुन्या डिस्कची टकटक

दादाचा कॉम्प्युटर सुरू झाला की आतली जुनी डिस्क आधी टकटक करायची आणि मग घरघरायला लागायची. चिखलीतल्या त्याच्या दोन खोल्यांच्या घरात तो आवाज म्हणजे दादा कंपनीतून आल्याची वर्दी. बूट काढायच्या आधी तो बटण दाबायचा आणि आवाज ऐकून वहिनी चहा ठेवायची. गेल्या वर्षी असाच चहा उकळत असताना माझा दादा कॉम्प्युटरपुढच्या खुर्चीतच गेला. वहिनी कप घेऊन बाहेर आली तेव्हा स्क्रीन चालू होता.

त्यानंतर कॉम्प्युटरवर चादर पडली. आता शेजारच्या गल्लीतल्या वर्कशॉपनं वहिनीला घरबसल्या बिलं आणि चलनं करायचं काम देऊ केलं होतं. शुक्रवारपासून सुरुवात करायची होती. गुरुवारी आमच्या कंपनीला सुट्टी, म्हणून मी गेलो.

"भाऊजी, काम करीन मी. पण ती डिस्क तेवढी काढून टाका," वहिनी म्हणाली. "परवा लावून बघितला. ती वाजली की हात आपसूक पातेल्याकडं जातो बगा. दोघांचा चहा ठेवला मी. रोज असं व्हायला लागलं तर येड लागंल मला."

मी निघोजेतल्या एका कंपनीत क्वालिटी खात्यात, माल तपासायला आहे. कॉम्प्युटरमधलं जे काही येतं ते दादाला बघून बघून. जुन्या डिस्कवरचे फोटो उतरवून घेतले, नवी डिस्क जोडली, तिच्यावर नवी ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. झकास चाललं. मग मोठ्या ऐटीत जुनी डिस्क काढली आणि बटण दाबलं. काळा पडदा. सुरू व्हायला डिस्कच सापडत नाही, एवढीच इंग्रजी ओळ.

जुनी परत जोडली. टकटक, आणि लगेच सुरू. काढली, परत काळा पडदा. एरवी शेजारच्या गल्लीतून पत्रा ठोकणाऱ्या प्रेस मशीनचे दणके येतात, पण गुरुवारी वर्कशॉप बंद, त्यामुळे ती टकटक घरभर ऐकू येत होती.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "त्यान्ला जायचं न्हाई," ती हळूच म्हणाली.

"काहीतरीच काय बोलता!" मी खेकसलो. पण काटा माझ्याही अंगावर आला होता.

मोबाइलवर शोधलं तेव्हा चूक कळली. मी जुनी डिस्क आत ठेवूनच सिस्टिम टाकली होती. सिस्टिम गेली नव्या डिस्कवर, पण तिला जागं करणारी फाइल लिहिली गेली जुनीवर. अति घाई, संकटात नेई, दुसरं काय. तीच फाइल नव्या डिस्कवर लिहायची की झालं. पेनड्राइव्ह लावला, मोबाइलवर दिल्या होत्या त्या ओळी टाइप केल्या आणि फक्त एंटर दाबायचं राहिलं.

तिथं मी थांबलो. काढलेली डिस्क माझ्या मांडीवर होती, अजून कोमट. मनात आलं, सांगून टाकावं की जमत नाही, जुनी लागणारच. वहिनीला काय कळणार होतं? ठेवला दोघांचा चहा, तर काय बिघडतं? इतकं वाईट मी त्या घरात याआधी कधी चिंतलं नव्हतं.

"काय राह्यलं?" तिनं विचारलं.

"हे दाबायचं."

ती पुढे झाली आणि तिनंच एंटर दाबलं.

कॉम्प्युटर बंद होऊन परत चालू झाला. कसलाच आवाज नाही. बंदच पडला असं वाटेपर्यंत स्क्रीन उजळला आणि त्यावर दादाचं नाव आलं. सिस्टिम टाकताना कॉम्प्युटर कुणाचा ते विचारलं होतं, आणि मी विचार न करता तेच लिहिलं होतं.

वहिनीनं स्क्रीनवरच्या त्या नावावर बोट ठेवलं.

"हे बदलता येतं का?"

"येतं," मी म्हणालो आणि कुठं लिहायचं ते उघडून दिलं.

ती त्या खुर्चीत बसली. दादाचं नाव खोडलं आणि एका बोटानं अक्षरं शोधत स्वतःचं नाव लिहायला लागली. मला तिचा राग आला. तिची सुटका व्हावी म्हणून दिवसभर राबलो, आणि ती सुटायला लागली तेव्हा मला ते बघवेना. किती लवकर पुसलंस, एवढंच डोक्यात घुमत होतं.

स्वतःचं नाव झालं, तरी तिचं बोट थांबलं नाही. पुढे ती नवऱ्याचं नाव लिहू लागली. आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाही. तिच्या तोंडून ते मी कधीच ऐकलं नव्हतं. आता ती एकेक अक्षर शोधून, ओठ हलवत, ते बरोबर मधोमध लिहीत होती. मग आमचं आडनाव.

दादाला पोचवून आल्यावरही मी रडलो नव्हतो. तिच्या खुर्चीमागे उभा राहून त्या दिवशी रडलो.