श्रावण ताकसांडेची नोटीस

वर्ध्यात स्टेशनच्या पलीकडे, एका बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात ते कॉलेज भरायचं. जिथे पूर्वी कापसाचे ढीग पडत तिथे आता बीएची पोरं बसत, आणि पूर्वीचा माल जास्त उपयोगाचा होता असं काही प्राध्यापकांचं खासगी मत होतं. कॉलेजचं लांबलचक नाव फाटकावर रंगवलेलं होतं, पण ते टांगेवाल्याला सांगून उपयोग नसे. 'जिनातलं कॉलेज' म्हटलं की तो बरोबर आणून सोडी.

या कॉलेजात रोज काही ना काही जाहीर व्हायचं. कुणाचं फाउंटन पेन हरवलेलं असे. कुणाची छत्री सापडलेली असे आणि ती नेमकी पाऊस संपल्यावरच सापडे. फी भरण्याची शेवटची तारीख महिन्यातून दोनदा शेवटची ठरे. एनसीसीची परेड रद्द होई, वाचनालयाची वेळ बदले, वसतिगृहाच्या मेसमधली आमटी पातळ असल्याबद्दल 'चौकशी सुरू आहे' असं विद्यार्थ्यांना कळवण्यात येई. चौकशी चालू राही आणि आमटीही तशीच राही. हे सगळं हेडक्लार्क प्रभाकरराव एका जाड रजिस्टरात लिहीत, शिपाई ते वर्गावर्गांतून फिरवी, प्राध्यापक तास थांबवून नोटीस वाचून दाखवीत आणि खाली सही करीत.

रजिस्टर फिरवण्याचं काम श्रावण गोमाजी ताकसांडे या शिपायाचं. उंच, काळासावळा, चाळिशीला आलेला माणूस. खाकी कोट त्याच्या अंगावर असा बसे की नवे विद्यार्थी पहिल्या दिवशी त्यालाच एनसीसीचा सुभेदार समजत. पण हा सुभेदार वर्गाच्या उंबऱ्याबाहेर उभा राही. श्रावण रजेवर असला की दुसरा शिपाई बंडूजी थेट टेबलापर्यंत जाऊन रजिस्टर प्राध्यापकांच्या पुढ्यात ठेवायचा, जाताजाता फळाही पुसायचा. श्रावण महार. तो दारात थांबायचा आणि प्राध्यापक उठून दारापर्यंत यायचे. 'आत येऊ नकोस' असं त्याला कधी कोणी म्हटलं नव्हतं. म्हणावं लागत नव्हतं, हेच तर वाईट होतं. संस्कृतच्या शास्त्रीबुवांनी तर दाराशी एक स्टूल ठेवून घेतलं होतं. श्रावणने रजिस्टर स्टुलावर ठेवायचं, चार पावलं मागे सरायचं, मग बुवांनी ते उचलायचं. तास संपला की मुली बुवांच्या मागोमाग रांगेने आपल्या बसण्याच्या खोलीकडे निघत, तेव्हा त्या स्टुलाला वळसा घालून जात. कुणाला त्यात काही खटकत नसे.

श्रावणला ही नोकरी लागली ती डफड्यामुळे. त्याचा बाप गोमाजी पुलगावजवळच्या नाचणगावचा. गावात काहीही सांगायचं असलं की गोमाजीने गळ्यात डफडं अडकवून दवंडी द्यायची, हे पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. पुढे ते श्रावणच्या गळ्यात आलं. कॉलेजच्या संस्थेचे सेक्रेटरी एकदा नाचणगावला गेले होते. त्यांनी श्रावणचा आवाज ऐकला आणि त्याला वर्ध्याला आणलं. वर्षभर रजिस्टर फिरवायचं, आणि जानेवारीत गॅदरिंग आलं की बाजाराच्या दिवशी डफडं वाजवत सगळ्या वर्ध्यात दवंडी द्यायची: कॉलेजात नाटक आहे, बक्षीस समारंभ आहे, नागरिकांनी यावे. खाकी कोट आणि डफडं एकाच दिवशी ठरलं होतं, आणि हे कॉलेजात सगळ्यांना पाठ होतं.

छप्पन्न सालच्या दसऱ्याला श्रावण, बायको रुखमा आणि म्हातारा गोमाजी नागपूरला जाऊन आले. लाखो माणसांत पांढरे कपडे घालून त्यांनी दीक्षा घेतली. परत आल्यावर श्रावणने खुंटीवरचं डफडं खाली काढलं. कातडं फाडायला सुरी लागली, ती म्हाताऱ्याने आपल्या हाताने आणून दिली. राहिलेल्या लाकडी कड्याला रुखमाने तारेची जाळी बसवून घेतली आणि त्यात ज्वारी चाळायला सुरुवात केली. डिसेंबरात बाबासाहेब गेल्याची बातमी आली तेव्हा वस्तीत कुणाच्या घरी चूल पेटली नाही. त्यानंतर श्रावण बोलायचा कमी झाला, पण मान वर करून चालू लागला. प्रभाकररावांना ते लगेच दिसलं. अशा गोष्टी त्यांना फार लवकर दिसत.

जानेवारी आला. प्रभाकररावांनी श्रावणला हाक मारली आणि नेहमीसारखं सांगितलं, "बाजाराच्या दिवशी दवंडी. डफडं शेकून ठेव."

"डफडं नाई राह्यलं बाबूजी. चाळनी झाली त्याची."

प्रभाकररावांना वाटलं, गंमत करतोय. "बरं, नवीन घेऊ. कॉलेजच्या खर्चाने."

"नवं बी नको. मी नाई वाजवत आता. आमी सोडलं ते काम. सांगाचं असन तं चौकाचौकात उभा राहून नोटीस वाचून दाखवतो. टिनाचा भोंगा द्या, नाई देल्ला तं तसाच वराडतो. पन डफडं गळ्यात घालत नाई."

प्रभाकररावांनी हे प्रकरण वर नेलं. प्रिन्सिपॉलसाहेब खादी घालणारे, मऊ बोलणारे गृहस्थ. रागावणं त्यांना कमीपणाचं वाटे. त्यांनी श्रावणला समोर उभं केलं आणि चष्मा पुसत म्हणाले, "श्रावण, अरे यात लाज कसली? ही कला आहे. लोककला. ती टिकली पाहिजे."

"कला हाय तं टिकवा साहेब," श्रावण म्हणाला. "तुमच्या पोराले संध्याकाळी माह्याकडं पाठवत जा. मी शिकवतो. पुढच्या साली बाजारातून त्याले फिरवा."

साहेबांचा चष्मा पुसायचा हात थांबला. प्रभाकररावांच्या नाकाला तर अशा मिरच्या झोंबल्या की ते पुढचा बराच वेळ नुसतेच खाकरत होते. खरं सांगायचं तर श्रावण उद्धट बोललाच नव्हता. साहेबांनी जे सांगितलं तेच त्याने खरं धरलं होतं. पण थोरामोठ्यांचं बोलणं त्यांच्याच घरापर्यंत नेऊन ठेवणं, याहून मोठा उद्धटपणा दुसरा नाही.

"बाजाराच्या दिवसापर्यंत विचार कर," साहेब म्हणाले. आवाज अजून मऊच होता. "तुझी नेमणूकच त्या कामासाठी झाली आहे. ते काम नसेल तर नोकरीही राहणार नाही."

संध्याकाळी घरी आल्यावर श्रावणने सगळं सांगितलं. रुखमा चुलीपुढे भाकरी थापत होती. तिचे हात थांबले नाहीत, पण भाकरी वेडीवाकडी झाली.

"पोरी शाळेत जाऊन राह्यल्या," ती म्हणाली. "बुढ्याचं औषध हाय. नोकरी गेली तं काय खाचं? एक दिवसाचंच तं काम हाय ते."

"तू म्हनशीन तं वाजवतो," श्रावण म्हणाला. "म्हन."

रुखमाने भाकरी तव्यावर टाकली आणि डोळ्यांना पदर लावला. धूर झालाय, असं आपलं आपणच म्हणाली.

गोमाजी भिंतीला टेकून बसला होता. तो म्हणाला, "म्या एकडाव ठरोलं होतं नाई म्हनाचं. मालगुजाराच्या घरी लगन होतं. मले ताप होता, उभं राहवत नव्हतं. मनात म्हन्लं, आज नाई म्हनतो. दोघं आले, हाताले धरून उठवलं, गळ्यात डफडं टाकलं. माह्या तोंडातून शब्दच नाई निघाला. वाजवतच गेलो." म्हातारा हसला, पण ते हसणं बघवत नव्हतं. "नाई म्हनाले बी अंगात जोर लागते बाप्पा. मले नाई गवसला तो."

त्यानंतर त्या घरात यावर चर्चा झाली नाही. बाजाराचा दिवस आला आणि गेला. वर्ध्यात कॉलेजची दवंडी फिरली नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी प्रभाकररावांनी रजिस्टर उघडलं.

आता खरी मौज ऐका. प्रभाकररावांचा पंधरा वर्षांचा शिरस्ता असा की नोटीस लिहायची, टीपकागद लावायचा, टेबलावरची घंटी दाबायची आणि आलेल्या माणसाकडे न बघता रजिस्टर पुढे करायचं. त्या दिवशीही त्यांनी तेच केलं. घंटी ऐकून जो आला, त्याच्या हातात त्यांनी रजिस्टर दिलं आणि ते दुसऱ्या कागदात डोकं घालून बसले. आला होता श्रावण. दुसरं कोण येणार? नोटीस फिरवायचं काम त्याचंच होतं.

व्हरांड्यात येऊन श्रावणने रजिस्टर उघडलं. चौथीपर्यंत शिकलेला माणूस, मराठी त्याला चांगलं वाचता येई. तीन नोटिसा होत्या. तिसरी त्याने दोनदा वाचली. पोरींचे चेहरे डोळ्यांपुढे आले. क्षणभर वाटलं, परत जावं, रजिस्टर टेबलावर ठेवावं आणि पाय धरावेत. पायही तसे वळायला लागले होते. मग त्याला तापाने फणफणलेला आपला बाप दिसला, आणि तो वर्गांच्या दिशेने चालू लागला.

पहिला वर्ग शास्त्रीबुवांचा. बुवा मेघांचं काहीतरी वर्णन करत होते आणि अर्धा वर्ग झोपेत होता. दारात सावली पडली तशी बुवांनी न बघताच हाताने स्टुलाकडे खूण केली.

श्रावण उंबरा ओलांडून आत आला. वहाणांचा आवाज करत थेट टेबलाशी जाऊन उभा राहिला आणि वर्गाकडे तोंड करून त्याने रजिस्टर उघडलं. झोपलेले जागे झाले. नाचणगावच्या वेशीपासून मारुतीपर्यंत पोचणारा तो आवाज होता, कौलाखालच्या त्या खोलीत तो मावेना.

"नोटीस एक. वाचनालयात एक हिरवं फाउंटन पेन सापडलं आहे. ज्याचं असेल त्याने ओळख पटवून घेऊन जावं. नोटीस दोन. गॅदरिंगच्या नाटकाची तालीम आज चार वाजता. नोटीस तीन." इथे त्याने एकदा श्वास घेतला. "सर्व विद्यार्थ्यांस कळविण्यात येते की, शिपाई श्रावण गोमाजी ताकसांडे यांस आज्ञाभंगाबद्दल उद्यापासून कामावरून कमी करण्यात आले आहे. कॉलेजच्या कामासंबंधी कोणीही त्यांच्याशी व्यवहार ठेवू नये."

मुलींच्या बाकावरची एक मुलगी तोंडाला हात लावून बघत राहिली.

"श्रावण गोमाजी ताकसांडे म्हन्जे मी," तो म्हणाला. "कोनती आज्ञा मोडली ते यात लिवलं नाई, म्हनून सांगतो. डफडं वाजवाले सांगतलं होतं. मी नाई म्हन्लं. माह्या बापानं वाजवलं, आज्यानं वाजवलं. मी नाई वाजवत, माह्या पोरी बी नाई वाजवनार. बस, इतकंच."

मग तो वळला आणि रजिस्टर त्याने बुवांसमोर धरलं. बुवांची नजर स्टुलाकडे गेली. श्रावण हलला नाही.

"सही करा बुवा. बाकीचे वर्ग राह्यले."

बुवांचा चेहरा लाल झाला, मग पांढरा झाला. पन्नास पोरं बघत होती. अखेर त्यांनी पेन काढलं आणि श्रावणच्या हातातच असलेल्या रजिस्टरावर सही केली. सही अर्ध्यावर तुटली, पण ती सहीच होती.

पुढच्या वर्गात तो तसाच आत गेला. त्याच्या पुढच्याही. गणिताच्या तासाला पोचेपर्यंत भिंतीपलीकडून सगळं आधीच ऐकू गेलं होतं, तरी त्याने पेनपासून सुरुवात करून तिन्ही नोटिसा वाचल्या. एकही अक्षर गाळलं नाही. तोवर बंडूजी धापा टाकत ऑफिसात पोचला होता आणि प्रभाकररावांचे डोळे पांढरे झाले होते.

श्रावण परत आला तेव्हा प्रिन्सिपॉलसाहेब आणि प्रभाकरराव दोघंही ऑफिसच्या दारात उभे होते.

"तुला वाचायला कोणी सांगितलं होतं?" प्रभाकरराव ओरडले.

"नोटीस वाचाचीच राह्यते बाबूजी." त्याने रजिस्टर त्यांच्या हातात दिलं. "साऱ्यायच्या सह्या हायेत. पाहून घ्या."

साहेब हळू आवाजात म्हणाले, "श्रावण, हा तमाशा करायची गरज नव्हती. तुला मी चांगला दाखला दिला असता. वागणूक समाधानकारक, स्वखुशीने नोकरी सोडली, असा. दुसरीकडे काम मिळायला बरं पडलं असतं. अजूनही देतो."

"तसा दाखला नको मले."

"मग कसा हवा?"

"डफडं वाजवाले नाई म्हन्लं, म्हनून काढलं. असं लिवा, खाली सही करा, शिक्का मारा."

"वेडा आहेस का?" प्रभाकरराव म्हणाले. "तो दाखला बघून कोण ठेवील तुला?"

"नोकरीसाठी नाई पायजे तो. बापाले वाचून दाखवाचा हाय."

प्रभाकरराव साहेबांकडे बघत राहिले. श्रावण त्या दोघांच्या मधून ऑफिसात शिरला, पाहुण्यांसाठी ठेवलेली खुर्ची त्याने टेबलाजवळ ओढली आणि तिच्यावर बसला.

"लिवा सवडीनं," तो म्हणाला. "मी बसलो हावो."