भरल्या गालांचा माणूस

कांब्रेल मास्तरांबद्दल मला खरं तर फारच थोडं ठाऊक आहे. अकरा आठवडे मी त्यांच्यासमोर उभा राहिलो. पण बघायचे ते, मी बाजूच्या भिंतीकडे तोंड करून असायचो. त्यामुळे या लिहिण्यात काही चुकलं असेल तर ते माझंच.

बेलव्हिल या मजूरवस्तीच्या चढावर, एका बंद पडलेल्या सुतारखान्यात ते चित्रं काढत. धोबिणी, खाणमजूर, कारखान्याच्या दारातून परत पाठवलेल्या बायका, हेच आयुष्यभर. असली चित्रं दिवाणखान्यात कोण लावणार? त्या हिवाळ्यात ते फुकट सूपच्या रांगेचं मोठं चित्र करत होते. वसंतातल्या प्रदर्शनाने त्यांची चित्रं आधी दोनदा परत पाठवली होती. वय एकसष्ट, हात कापायला लागलेला. "यंदा नाही तर नाहीच," असं म्हणायचे.

मला त्यांनी खऱ्या रांगेतूनच उचललं. नदीच्या धक्क्यावरची हमाली सुटून चार महिने झाले होते, गालांत खळगे पडले होते. मास्तरांना तेच हवे होते. समोर नाही ते रंगवायचं नाही, हा त्यांचा हट्ट. पण चेहरा ते सगळ्यात शेवटी घेत. आधी बूट, मग कोट, मग हात. आणि रोज दुपारी त्यांची विधवा बहीण क्लेमांसबाई बटाट्याचं दाट सूप आणि पाव माझ्यापुढे ठेवायच्या.

चेहऱ्याची पाळी आली तेव्हा मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मटकन खाली बसले.

"ल्युडोविक, अरे तुझे गाल कुठे गेले?"

"इथंच आहेत, मास्तर."

"हे तर पाववाल्याचे आहेत!"

क्लेमांसबाई सूपचा वाडगा घेऊन आल्या होत्या, त्या दारातूनच म्हणाल्या, "दादा, तू माणसं रंगवतोस की पोसतोस? याच्या आधीचे दोघंही असेच फुगून गेले. आता आठ दिवस याला वाढतच नाही, मग बघ."

चित्र पाठवायला दहाच दिवस उरले होते. मी म्हणालो, "मला चालेल, मास्तर. सवय आहे."

ते कुंचला पुसत बसले. माझे कान त्यांच्याकडे आणि नाक त्या वाडग्याकडे होतं, हे कबूल करतो.

"बस," शेवटी ते म्हणाले. "निवतंय ते."

त्यांनी मला भरल्या गालांचाच रंगवला. प्रदर्शनाने चित्र घेतलं, पण छताजवळ टांगलं, जिथं कुणाची नजर जात नाही. एका वर्तमानपत्राने लिहिलं, रांगेतला शेवटचा माणूस, म्हणजे मीच, काही उपाशी वाटत नाही. त्यानंतर मास्तरांनी मोठं चित्र केलं नाही.

दोन वर्षांनी ते मला बाजारात दिसले. काखेत कोबीचा गड्डा घेऊन एका पायरीवर दम खात होते. गालांबद्दल माफी मागायचं माझ्या मनात होतं, पण जीभ उचलली नाही.

"बरे आहात ना, मास्तर?"

"आहे. जेवलास का?"

"हो."

"दिसतंय," ते म्हणाले.