काकूंच्या घरातली मागची खोली

प्रज्ञा आणि समीर,

हे फोनवर सांगायला घेतलं असतं तर मी अर्ध्यात थांबले असते. म्हणून लिहिते आहे.

प्रज्ञा, गेल्या रविवारी तू विचारलंस, "आजी, निम्मा पगार भाड्यात जातो. एवढ्या महागड्या शहरात राहण्यात काही अर्थ आहे का?" मग बोलता बोलता तू सांगितलंस की सोबत राहणाऱ्या मुलीने आडनावावरून काहीतरी विचारलं आणि तू हसून विषय बदललास. "कशाला उगाच. खोली छान आहे गं."

भाड्याचं मी विसरले. हे दुसरं विसरता येत नाही. मला भीती वाटते आहे. कारण अशी एक छान खोली मलाही मिळाली होती.

तुम्हाला नागपूर लहान वाटतं. कुहीजवळच्या आमच्या गावातून ते फार मोठं होतं आणि फार महाग.

दसऱ्याची सकाळ. सत्तर सालानंतरची सुरुवातीची वर्षं. घरमालकीण, त्यांना मी काकू म्हणायची, फाटकाजवळच्या नळापाशी उकिडव्या बसल्या होत्या. पकडीने नळाची पितळी मूठ काढत होत्या. मला बघून म्हणाल्या, "बरं झालं आलीस. ही तुझ्याजवळ ठेव. आज ते लोक येणार दीक्षाभूमीवर. नळ दिसला की पाणी पितील, पाय धुतील, मग आपण बसायचं फाटक धूत. आमचे हे भोळे. कोणी मागितलं की देतील उघडून. तू शहाणी आहेस."

मूठ त्यांनी माझ्या हातावर ठेवली. विश्वासाने.

ते लोक म्हणजे मी. छप्पन साली बाबांचा हात धरून त्याच मैदानावर मी उभी होते. आमच्या घराने धम्म घेतला तेव्हा मला सगळं समजलं नव्हतं, पण बाबा रडत होते ते आठवतं.

काकूंना हे ठाऊक नव्हतं. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवणारी. मुख्याध्यापिकाबाई काकूंच्या मावसबहीण. त्यांनीच ही खोली सुचवली. माझं आडनाव आमच्या भागात बऱ्याच जातींत आहे. "कुहीकडचे म्हणजे शेतीवाडीवाले असणार," काकूच म्हणाल्या. आमची थोडी धानाची शेती होती. मी मान हलवली.

खोलीला दार होतं, विजेचा दिवा होता, शाळा चालत जाण्यासारखी. पगारातलं फारसं काही उरायचं नाही. त्याचं दुःख नव्हतं. पण मी झोपेत बोलते का, याची मला भीती वाटायची. पांढरी साडी ट्रंकेत तळाशी, तिच्यावर पुस्तकं. दरवर्षी दसऱ्याला मैत्रिणीकडे जाते असं सांगून निघायची आणि लांबच्या रस्त्याने दीक्षाभूमीवर पोचायची. रंगीत साडीत.

बाबा भेटायला येत ते बसस्टँडवर. खोलीवर आले असते आणि सवयीने कोणाला जय भीम घातला असता तर? मी कधी तसं म्हटलं नाही. त्यांनीच ओळखलं. बाकावर बसून विचारायचे, "खिडकी कोन्या अंगाले हाय?" मी सांगायची, पूर्वेला. "मंग सकाळी उजेड येत असन," म्हणायचे आणि परतीची गाडी धरायचे. सुट्टीत घरी गेले की आई म्हणायची, "काहून एवढी हळू बोलतेस वं? इथं कोन ऐकून राहिलं?"

तर त्या दिवशी दुपारी मी निघायच्या तयारीत होते. ऑक्टोबरचं ऊन. रस्त्याने पांढऱ्या साड्या, डोक्यावर गाठोडी. फाटकाशी काही बाया थांबल्या. एका म्हातारीच्या कडेवर नातू होता, मान टाकलेला.

"बाई, पोराले घोटभर पानी द्या ना."

काकू व्हरांड्यातून म्हणाल्या, "नळाला पाणी नाही."

म्हातारीने नळाकडे बघितलं. "पानी नाही कसं म्हनता? नळ तं टपकून राहिला."

मागची एक बाई म्हणाली, "चाल ना वं मावशे. तो नळ सोवळ्यात हाय."

सगळ्या हसल्या. म्हातारी हसली नाही. ती नळाखाली ओंजळ धरून थेंब जमवायला लागली.

मी खोलीच्या दारात. मूठ पदराखाली. मी बाहेर गेले तर खोली जाईल. खोलीतून गोष्ट शाळेत जाईल, नोकरी जाईल, आणि मी परत गावात, लग्नासाठी बघायला येणाऱ्यांपुढे बसलेली. हे सगळं मला एकदम दिसलं. बाबा बसस्टँडच्या नळावर पाणी पितात, लेकीची खोली याच शहरात असून, तेही दिसलं.

मी गेले. अंगणात मध्येच थांबले, मग पुन्हा निघाले. मूठ बसेना, दोनदा निसटली.

"इकडं दे वं पोरी, पाडशीन," म्हातारी म्हणाली आणि तिनेच ती बसवली.

पोराला पाणी पाजलं. तोंडावर मारलं. त्याने डोळे उघडले. मग सगळ्या पाणी प्यायल्या. म्हातारी पदराला तोंड पुसत माझ्याकडे बघत राहिली.

"आपल्यातली हायस का वं?"

काकू पायरीवर येऊन उभ्या होत्या. प्रश्न म्हातारीचा होता, पण उत्तर काकू ऐकणार होत्या.

"हो. कुहीकडची."

"जय भीम, माय."

"जय भीम."

बाया गेल्या. काकू ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसायचीस. सांगायचं नाही?"

"तुम्ही विचारलं नाही, काकू."

"असं विचारावं लागतं का? शिकलेली दिसलीस."

मी रोज ज्यातलं पाणी प्यायची तो व्हरांड्यातला माठ त्यांनी माझ्यासमोर उचलला आणि मोरीत उपडा केला. फोडला नाही. नुसता उपडा करून ठेवला, आणि हात धुतले.

संध्याकाळी काका खोलीच्या उंबऱ्याबाहेर उभे राहून बोलले. चांगला माणूस. आवाजही चांगला. "माझ्या मनात काही नाही बेटा. पण हिचं जमायचं नाही, शेजारपाजार असतो. दुसरी खोली बघ. शाळेत आम्ही काही बोलणार नाही. तूही बोलू नकोस. तिथे तरी गप्प राहा, नोकरी टिकेल."

ही त्यांनी केलेली दया. मी माठापेक्षा त्या दयेला जास्त घाबरले. कारण ती मला हवी होती. ओठांपर्यंत "बरं" आलं होतं. पण मग आयुष्यभर कोणीतरी माझं हे गुपित राखून ठेवणार, आणि मी त्यांना दबून राहणार.

सुट्टी संपली आणि मी मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत गेले. उभ्याउभ्याच सांगितलं. बाई, मी बौद्ध आहे, काकूंनी म्हणूनच खोली सोडायला सांगितली, तुम्हाला माझ्याकडून कळावं. त्यांनी चष्मा काढला आणि इंग्रजीत म्हणाल्या, याची काही गरज नव्हती. नोकरी गेली नाही. पण मधल्या सुट्टीत माझा कप खिडकीत वेगळा ठेवलेला दिसला. मी तो उचलून बाकीच्या कपांत ठेवला. दुसऱ्या दिवशी परत खिडकीत. मी परत ठेवला. हे खूप दिवस चाललं.

खोल्या बघताना आधी जात सांगायची, मग भाडं विचारायची. बरीच दारं तिथेच लागली. शेवटी जरीपटक्याच्या पलीकडे, आपल्या वस्तीत, पत्र्याची खोली मिळाली. शाळा फार लांब. बाबा तिथे आले. आत बसले, आणि तिथेही हळूच बोलले. माझी भीती त्यांना लागली होती. ती शेवटपर्यंत गेली नाही. याचा राग मला आजही आहे.

प्रज्ञा, मी शहर सोडलं नाही. शहर माझंही होतं. तिकडचं भाडं परवडतं की नाही, हे तुला माझ्याहून जास्त कळतं. पण तू गप्प आहेस म्हणून जी खोली तुझी आहे, ती तुझी नाही. त्या मुलीला सांग. मग बघ, खोली राहते का. नाही राहिली तर दुसरी बघ. समीर, तुलाही हेच.

आजही कोणी नव्याने भेटून आडनाव विचारलं की मला भीती वाटते. तरी मी सांगते.