माझ्या ओटीत पडलेला नारळ

कुणाचं चांगलं बघवेनासं झालं की आपण म्हणतो, याच्या पोटात दुखतंय. ऑपरेशननंतर माझ्या पोटात खरोखरच दुखायचं. उजव्या बाजूला टाक्यांची ओढ लागायची. आणि समोरून माझी धाकटी जाऊ रोहिणी गेली की ते दुसरं दुखणंही सुरू व्हायचं. दोन्हीतलं कुठलं जास्त होतं, हे मला आजही सांगता येणार नाही.

आम्हा दोघींना दिवस गेल्याचं एकाच आठवड्यात कळलं होतं. माझे यजमान सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहेत. त्यांनी हौसेनं मऊसूत टॉवेलांचे दोन जोड आणले, एक तिच्या बाळाला, एक माझ्या. मग एका दुपारी भाकरी थापता थापता पोटात अशी कळ आली की डोळ्यांपुढे अंधारच झाला. शुद्धीवर आले तेव्हा समजलं, गर्भ पिशवीत नव्हताच. तो नळीत राहिला होता आणि नळी फुटली होती. ती काढून टाकावी लागली, रक्त चढवावं लागलं. "थोडक्यात वाचलात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. वाचले याचा आनंद व्हायला हवा होता. माझ्या मनात आधी आलं ते हे, की रोहिणीचं तर जागेवर आहे ना? आहे म्हणून कळल्यावर मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

घरी आल्यावर शेजारणी हळूच विचारायच्या, "पडलं का गं?" पडलं नव्हतं, पण नळीचं कुणाकुणाला समजावून सांगणार? मी नुसती मान हलवायचे. एवढं सगळं अंगावरून गेलं, तरी मी बाळंतीण नव्हते. म्हणून शेक नाही, शेगडी नाही, डिंकाचे लाडू नाहीत. लोहाच्या गोळ्या घ्यायच्या आणि जड उचलायचं नाही, संपलं. जिना चढताना धाप लागायची. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की काही महिने थांबा, मग एक तपासणी करून दुसरी नळी उघडी आहे का ते बघू. पुढच्या खेपेला दिवस गेले की लगेच सोनोग्राफीला यायचं, कारण पुन्हा नळीत राहण्याची भीती असते. मी ती तपासणी पुढे ढकलत राहिले. बंद निघाली तर? न बघता निदान आशा तरी शिल्लक राहत होती.

आणि इकडे रोहिणी. मला तिच्या ओकाऱ्यांचासुद्धा हेवा वाटायचा. मोरीतून तिचा आवाज आला की मी मिक्सर लावायचे. टॉवेलांचे दोन्ही जोड आता तिच्याच कपाटात होते. सासूबाई रोज तिन्हीसांजेला दिवा लावून म्हणायच्या, "आई रूपाभवानी, माझी रोहिणी सुखानं मोकळी होऊ दे." बाई बाळंत झाली की ती मोकळी झाली म्हणतात, यात नवीन काही नाही. पण मला तो शब्द झोंबायचा. मी तर केव्हाच मोकळी होते, पोटानंही आणि हातांनीही. माझ्यासाठी काय मागणार होत्या त्या? मी देवघराकडे पाठ करून भाजी निवडत बसायचे. दिवा लावणं तर मी सोडूनच दिलं होतं. देवीवर रुसायलासुद्धा थोडी माया लागते, तीही उरली नव्हती.

रोहिणीला पाचवा लागला तेव्हा सासूबाईंनी मंगळवारी रूपाभवानीला जाऊन ओटी भरायचं काढलं. मला म्हणाल्या, "तुला झेपत नसंल तर ऱ्हा की घरी." हे माझ्या काळजीनं होतं की मी तिथे नको होते, ते कळेना. म्हणून मी हट्टानं निघाले.

देवळात रांग होती, वरून ऊन. रोहिणी सासूबाईंबरोबर भराभर पुढे गेली, तिच्या सैलसर साडीत अजून काही दिसतही नव्हतं. मी टाक्यांवर हात धरून मागे रेंगाळत होते. दर्शन घेऊन परतणारी एक म्हातारी माझ्यासमोर थांबली. विणकर वस्तीतली असावी, तिच्या मराठीला तेलुगूचा हेल होता. "आगं, अशी उन्हात काय उभारलीस? बस की हितं सावलीला. दोन जिवाची हाय तू." तिनं मला हाताला धरून बसवलं आणि आपल्या बाटलीतलं पाणी पाजलं. मी गप्प राहिले. खोटं कशाला बोलू, त्या घटकेला मला बोलायचंच नव्हतं. कितीतरी दिवसांनी कुणीतरी मला रोहिणी समजलं होतं.

तेवढ्यात तिनं देवीपुढून मिळालेला आपला नारळ माझ्या पदरात घातला, वर मूठभर तांदूळ टाकले, मला कुंकू लावलं आणि गाभाऱ्याकडे बघून मोठ्यानं म्हणाली, "अम्मा, ह्या पोरीला सुखानं मोकळी कर गं!"

"मी नाही हो आज्जी!" मी जवळजवळ ओरडलेच. "ती. ती पुढं उभी आहे ना, ती. माझं गेलं. नळीत होतं." हे वाक्य मी तोपर्यंत कुणापुढेच तोंडातून काढलं नव्हतं. आणि मग जे रडू फुटलं, ते टाके दुखायला लागले तरी थांबेना.

म्हातारीनं स्वतःच्याच तोंडावर चापट मारून घेतली. "लई चुकलं की गं माझं." सासूबाई लगबगीनं मागे आल्या. त्यांची नजर नारळावर होती. "आज्जी, ती ओटी आमच्या धाकटीची हाय. तिच्या पदरात घाला."

"भरलेली ओटी कुटं काढून घेत्यात व्हय? जिच्या पदरात पडली, तिची झाली."

रोहिणी माझ्याजवळ फरशीवर बसली. "राहू दे ताई," ती म्हणाली. "मला घरात ओकायचीसुद्धा भीती वाटते. तुम्हाला आवाज जाईल म्हणून तोंडात टॉवेल धरते मी." इकडे मी मिक्सर लावत होते आणि तिकडे ती टॉवेल धरत होती! रडता रडता मला हसू आलं. डोळे पुसून बघते तर म्हातारी गर्दीत गेलेली. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

रिक्षात बसल्यावर मांडीवरच्या नारळाकडे बघताना माझ्या लक्षात आलं, की म्हातारीची माणूस ओळखण्यात चूक झाली होती, मागण्यात नाही. माझ्या नळीतलं डॉक्टरांनी केव्हाच काढलं होतं. मीच अजून तिथे अडकून बसले होते.

पुढच्याच आठवड्यात मी तपासणीला गेले. डॉक्टरीणबाई पडद्याकडे बघत सहज म्हणाल्या, "दुसरी नळी मोकळी आहे." मी म्हटलं, "काय म्हणालात?" "मोकळी आहे हो. पुढची हमी मी देत नाही, पण वाट मोकळी आहे." मी तिथेच पडल्या पडल्या हात जोडले. त्यांना वाटलं असेल, मी त्यांचेच आभार मानतेय. त्यांचेही मानलेच.

मत्सर गेला असं मात्र मी म्हणणार नाही. रोहिणीच्या डोहाळजेवणात मी सगळ्यांना वाढलं, गाणी म्हटली आणि मग मागच्या दारी जाऊन ओठ चावत उभी राहिले. फरक इतकाच की संध्याकाळी दिवा मी लावला आणि देवीला सरळ सांगितलं, आज माझ्या पोटात फार दुखलं. तिच्यापासून लपवायचं काय?

तो नारळ फोडायला मन होईना. उन्हाळाभर तो देवघरातच राहिला. आतलं पाणी आटलं आणि हलवला की खुळखुळायला लागला. मग रोहिणी मोकळी झाली, मुलगी झाली. सासूबाई डिंकाच्या लाडवांची तयारी करू लागल्या, तर घरात खोबरं कमी. मी आपणहून देवघरातून नारळ काढला आणि फोडला. खवट निघेल अशी भीती होती, पण आत पांढरीशुभ्र, गोड खोबऱ्याची वाटी निघाली. मी किसलं, सासूबाईंनी भाजलं, लाडू दोघींनी मिळून वळले.

दवाखान्यात न्यायला मी डबा भरत होते. सासूबाईंनी त्यातला एक लाडू उचलून माझ्या हातावर ठेवला.

"आदी तू खा," त्या म्हणाल्या. "तुझं करायचं राहिलंच की."

देवघरासमोर बसून मी तो लाडू सावकाश खाल्ला. देवीकडे त्या दिवशी काहीच मागितलं नाही.