दार आधी, घर मागून

भिंत रंगवायला सुनेनं जुनी तसबीर उतरवली, तसा कुबट कागदाचा वास आला. फ्रान्समधल्या कुठल्याशा हवेलीचं छापील दार. खांब, कमान, वर दगडी फुलांची माळ. माझ्या मामंजींनी ते चित्र हैदराबादहून आणलं आणि परांड्यात हुबेहूब तसं दार बांधून घेतलं. घर मागून होणार होतं.

तेवढ्यात रझाकारांची धास्ती वाढली. गाव सोडायच्या सकाळी बैलगाडी जुंपून तयार, आणि मामंजी त्या दाराला कुलूप घालत होते.

"मामंजी, मागं भिंतच न्हाय."

"नसू दे. दार उघडं टाकून जात न्हाईत, पोरी."

किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली. मी पदराआड हसले.

आम्ही परतलो नाही. पुढं किती भाड्याच्या खोल्यांना कुलपं लावली, आता आठवतही नाही. थकून आडवी होते तेव्हा उशाखाली मात्र त्याच दाराची किल्ली असते.