गौरी गोत्रीला गेल्या

नोकरीत खुनाचे तपास केले, दरोडे उघडकीस आणले. ते सगळे आता पुसट झाले. बडोद्याच्या वाडी भागातल्या एका पोळीतली, म्हणजे जुन्या दाट वस्तीच्या गल्लीतली, साधी चोरी मात्र डोक्यातून जात नाही.

त्या पोळीत पूर्वी घरोघरी मराठी कानावर पडे. संस्थानच्या नोकरीत आलेल्यांची ती घरे. पुढची पिढी शिकली, कोणी शहराच्या कडेच्या गोत्रीला फ्लॅट घेतला, कोणी परदेशी गेले. रिकाम्या खोल्यांत ओडिशा-बिहारकडचे कामगार आले. मराठी घर उरले ते एका काकूंचे. सत्तरी ओलांडलेल्या, विधवा. खालची खोली त्यांनी एका ओडिया कामगाराला दिली होती. त्याची बायको काकूंची सगळी उस्तवार करी. गौरी आणायच्या दिवशी सवाष्ण म्हणून मुखवटे घेऊन उंबरठा ओलांडायचा मान काकू तिलाच देत. काकू आतून विचारत, "गौर कशाच्या पावलांनी आली?" ती शिकवल्याप्रमाणे म्हणे, "सोन्याच्या पावलांनी."

एका श्रावणात ते चांदीचे मुखवटे कपाटातून गेले. काकू गोत्रीला राहणाऱ्या आपल्या मुलाला घेऊन ठाण्यात आल्या. अर्जी घेऊन मी जमादाराला पोळीत धाडले, तर कोपऱ्यावरच्या दुकानदाराने खालची बाई सकाळी गाठोडे घेऊन गेल्याची खबर न विचारताच दिली, "साहेब, पेली नीचेवाळी बाई सवारे पोटलुं लईने नीकळी हती. आ बहारना लोकोनो शो भरोसो?"

नवरा-बायकोला बोलावून वेगवेगळे बसवले. गाठोड्यात काकूंच्याच गोधड्या होत्या, धुवायला नेलेल्या. दोघांनी तेच सांगितले. बनवून आणलेली हकिगत फार गुळगुळीत असते. हे अडखळत होते, रडत होते. बाई एकच वाक्य धरून बसली, "साहब, माँजी को पूछो ना."

माँजी बाहेरच्या बाकावरच होत्या. त्यांनी मान वर केली नाही. पोळीचे बोलणे त्यांच्याही मनात शिरले होते.

दुपारी पंचनाम्याला गेलो. कुलूप शाबूत. कपाटात मुखवट्यांच्या जागी एक सुपारी मांडलेली, भोवती कुंकू लावलेल्या अक्षता. माझ्या गुजराती सहकाऱ्याला त्यात काही वाटले नाही. मी मात्र मराठी घरातला. देव जागचा हलवायचा तर आधी अक्षता वाहतात, आणि जागा सुनी राहू नये म्हणून काकूंच्या घरी सुपारी ठेवायची रीत होती. चोर कधी देवाला निरोप देऊन नेतो का?

"काकू, हे कोणी केलं असेल?" मी विचारले.

काकूंनी सुपारीकडे आता प्रथमच नीट पाहिले, मग मुलाकडे. तो घामाघूम झाला होता.

"साहेब, किती वर्षं सांगतोय, आई, गोत्रीला चल. ही म्हणते, माझ्या गौरी इथे आहेत. म्हटलं, गौरी आधी नेल्या तर मागोमाग ही येईल. रविवारी सांगणारच होतो. पण ही तडक ठाण्यातच निघाली. तिथं सगळ्यांसमोर बोलायची हिंमतच नाही झाली."

"आणि ती पोर तिथं रडत होती तेव्हा?" काकूंनी विचारले. तो कपाट लावू लागला. पण ठाण्यात त्याही गप्पच बसल्या होत्या.

अर्जी मागे घेतली गेली. त्या दोघांना चहा पाजून मी स्वतः ठाण्याच्या फाटकापर्यंत सोडले. नियमाबाहेर आम्ही काहीच केले नव्हते. पण ठाण्यात बसलेला माणूस पोळीने पाहिला होता, आणि पोळ तेवढेच लक्षात ठेवते. आठवडा भरायच्या आत त्यांनी खोली सोडली. काकू रिक्षाने मांडवीपासून मकरपुऱ्यापर्यंत शोधत फिरल्या. पत्ता लागला नाही. मग काकूंना एकटीला तिथे राहवेना, त्या गोत्रीला गेल्या. मुलाला हवे होते तेच झाले.

शहर वाढते तसे शेजारी बदलतात. आपले कोण, हे माणूस मग भाषेवरून आणि गावावरून ठरवतो. उशाशी पाणी कोण ठेवते हे विसरतो. या प्रकरणाने मला एवढे शिकवले, आणि फार उशिरा.

त्या भाद्रपदात मुलाने मला आग्रहाने गोत्रीला बोलावले. सून मुखवटे घेऊन फ्लॅटच्या दारात उभी राहिली. काकू आत पाटाशी. सगळे प्रश्नाची वाट बघत होते. काकूंचे ओठच हलेनात. शेवटी सूनच हळू म्हणाली, "आई, विचारा ना."

"काय विचारू?" काकू म्हणाल्या. "ती पोर कशाच्या पावलांनी गेली, ते आधी सांगा मला कुणीतरी."

सून उंबरठ्याबाहेर तशीच उभी होती. मी खाली बघत राहिलो.