विटोरिनचा गोळा

ही गोष्ट मी गावात कुणाला सांगितलेली नाही. तुम्ही आमच्या माल्टातले नाही, म्हणून सांगतो.

विस्तिनकाका गोदीत जहाजं रंगवायचे. पण गावात त्यांची ओळख वेगळी होती. आमच्या संताच्या जत्रेसाठी शोभेचं दारूकाम आम्ही हौशी लोक शेतातल्या खोलीत वर्षभर करतो, आणि तिथे गोळ्यांवर कागद चिकटवण्यात काकांचा हात कुणी धरू शकत नव्हता. खळीत भिजवलेली पट्टी, तिच्यावर दुसरी, मग गोळा वाळवायचा, मग पुढचा थर. एक्केचाळीस वर्षं हेच. कुणी घाई केली की ते म्हणायचे, "पळा, पळा, संत कुठे पळून चाललाय का?" गोळा तयार झाला की बोटाच्या पेराने ठोकून कान लावायचे. आवाज बद्द आला तर परत.

वर्षभरात कुणी गेलं की जत्रेत त्याच्या नावाने एक गोळा उडतो. त्या साली काकांची बायको विटोरिन गेली होती. काका माझ्याकडे आले.

"झेप्पी, हिचा गोळा तू कर. मी बसलो की डोळ्यांना धार लागते, खळ पातळ होते."

एवढा मान त्यांनी दुसऱ्या कुणाला दिला नसता. आणि मी काय केलं? ऑगस्ट होता, दक्षिणेचा दमट वारा सुटलेला, थर वाळता वाळेना. मित्र समुद्रावर निघाले होते, पोहणं आणि नंतर सशाचं कालवण. मी ओल्यावरच तीन थर चढवले, वरचा तेवढा गुळगुळीत केला आणि गेलो. काकांनी तो गोळा ठोकून पाहिला नाही. नुसता हातात धरला आणि म्हणाले, "छान झालाय."

जत्रेच्या संध्याकाळी मूर्ती चर्चच्या दारातून बाहेर आली, विटोरिनचं नाव पुकारलं गेलं, सगळं गाव वर बघत होतं. गोळा निम्म्या वाटेवरच उकलला. फूल नाहीच, एका बाजूने मूठभर ठिणग्या ओघळल्या.

गावात बँडचे दोन क्लब, दोघांत कायमची चुरस; समोरच्या गच्चीवरून त्या दुसऱ्या बँडवाल्यांनी टाळ्या पिटल्या. "बाई फार घाईत दिसते हो!"

आमच्या क्लबाचे अध्यक्ष लालबुंद झाले. "कुणी चिकटवला हा?"

मी तोंड उघडलं. त्याआधीच काका म्हणाले, "मी. हात थरथरतात आता."

आणि मी तोंड मिटलं. आजही ते आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

त्यानंतर काकांच्या हातात कुणी गोळा दिला नाही. "काका, तुम्ही बसा, कॉफी घ्या." काका ब्रश धूत बसायचे. आणि त्यांच्या जागेवर अध्यक्षांनी बसवलं कुणाला, तर मला!

मार्चपर्यंत मी ते सोसलं. मग एका दुपारी त्यांच्या घरी गेलो आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं. म्हटलं, रविवारी बँडच्या क्लबात सगळ्यांसमोर कबूल करतो.

काका ऑलिव्ह निवडत होते. "मला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी शेतात तुकडा सापडला. नखाने थर सुटले, आत खळ अजून ओली."

"मग माझ्यासाठी कशाला खोटं बोललात?"

"तुझ्यासाठी?" ते पहिल्यांदाच माझ्यावर चिडले. "तू कोण लागून गेलास रे? अठ्ठेचाळीस वर्षं संसार केला तिच्याशी. तिचा गोळा नवऱ्याने परक्याच्या हातात दिला, आणि तो अर्धवट टाकून पोहायला गेला, असं गावाने म्हणायचं? त्यापेक्षा म्हातारा स्वतः बसला, हात थरथरले, हे बरं. खबरदार कुठे बोललास तर."

मी मान खाली घालून घरी आलो.

काकांना जाऊन आता सहा वर्षं झाली. मी अजून त्यांच्याच जागेवर बसतो. नवीन कुणी खोलीत आलं की विचारतं, विस्तिनसारख्या माणसाने शेवटी काम का सोडलं? सगळे माझ्याकडे बघतात, कारण त्यांच्या शेजारी मीच बसायचो.

मी सांगतो, हात थरथरायचे त्यांचे.